चौसष्टावं नाणं गेलं कुठे?

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातली जुलैमधली एक संध्याकाळ. पाऊस असा लागलाय, की उल्हास नदी कुठवर आली ते बघायला सोसायटीतले दोघंतिघं गच्चीवर जाऊन आलेत. लाइट गेली, तिच्यापाठोपाठ घरातलं वायफायही गेलं. थोरलीचा उद्या द्यायचा प्रोजेक्ट लॅपटॉपवर अर्धा पडलाय. अशा वेळी घराघरांतून एकच हाक येते, "आई, जरा हॉटस्पॉट दे ना!"

आई फोन हातात घेते, एका जागी बोट टेकवते आणि लॅपटॉपला नेट मिळतं. धाकट्याचा रिचार्ज कालच संपलेला, तोही गुपचूप त्यात शिरतो. थोड्या वेळानं आईच्या फोनवर मेसेज येतो, आजचा ५० टक्के डेटा संपला. मग ९० टक्के. मग १००. पण नेट बंद मात्र पडत नाही, नुसतं रांगायला लागतं. स्क्रीनवरचं चाक गोल गोल फिरत राहतं.

आपण चिडतो आणि विसरून जातो. पण जरा विचार करा, हे सगळं मोजलं कुणी? आईच्या फोनमागे एक लॅपटॉप आणि आणखी एक फोन लपलाय, हे कंपनीला समजू शकतं का? आणि नेट न तोडता त्याला असं रांगायला लावायचं तर नेमकं काय करायचं? उत्तर शोधायला त्या लॅपटॉपमधून निघालेल्या एका पाकिटाच्या मागोमाग जाऊ या.

पाकीटच म्हणायचं, कारण इंटरनेटवर काहीही अखंड जात नाही. फोटो असो, सिनेमा असो, आजीचा व्हिडिओ कॉल असो, सगळ्याचे तुकडे होतात. एक तुकडा म्हणजे जास्तीत जास्त साधारण १,५०० बाइट. आता रोजचा दीड जीबीचा पॅक घ्या आणि भागाकार करा. दहा लाख! रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत तुमच्या एकट्याच्या नावावर किमान दहा लाख पाकिटं ये-जा करू शकतात, आणि त्यातलं एकही मोजल्याशिवाय सुटत नाही.

प्रत्येक पाकिटावर एक छोटासा मजकूर छापलेला असतो. कुठून आलं, कुठे जायचं, आणि आणखी एक आकडा. आपली सगळी गंमत या आकड्यात आहे. त्याला टीटीएल म्हणतात. टाइम टू लिव्ह, म्हणजे पाकिटाचं आयुष्य.

पाकिटाला आयुष्य कशाला हवं? समजा वाटेतल्या दोन यंत्रांचा गोंधळ झाला. हा म्हणतोय तिकडे जा, तो म्हणतोय इकडे जा. बिचारं पाकीट दोघांमध्ये घिरट्या घालत राहील, कायमचं. अशी लाखो पाकिटं साठली, की रस्ताच तुंबला. म्हणून १९८१ साली इंटरनेटचे मूळ नियम लिहिले गेले, तेव्हाच हा तोडगा त्यात होता. पाकिटाच्या मुठीत काही नाणी द्यायची. वाटेत जकात नाके असतात तसे राउटर असतात, आणि प्रत्येक नाका एक नाणं काढून घेतो. मूठ रिकामी झाली, की त्या पाकिटाचा प्रवास तिथेच संपला. घिरट्या घालणारं पाकीट आपोआप मरतं. किती साधी, किती निर्दय आणि किती सुंदर युक्ती!

आता ही नाणी द्यायची किती, ते पाठवणारं यंत्र ठरवतं. अँड्रॉइड आणि आयफोन साधारणपणे ६४ देतात. विंडोजचा लॅपटॉप १२८ देतो. एवढं लक्षात ठेवा आणि पुन्हा हेंद्रेपाड्यात या.

आईचा फोन स्वतः पाकीट पाठवतो, तेव्हा मुठीत ६४ नाणी. धाकट्याच्या फोनमधूनही ६४च निघतात, पण ती थेट टॉवरकडे जात नाहीत, आधी आईच्या फोनमधून जातात. हॉटस्पॉट सुरू झाल्यापासून आईचा फोन स्वतःच एक छोटा राउटर झालेला असतो. म्हणजे नाका! आणि नाका म्हणजे एक नाणं कमी.

कंपनीच्या दाराशी पाकीट पोहोचतं तेव्हा मुठीत ६३.

लॅपटॉपच्या पाकिटात १२७.

लक्षात आलं का? कंपनीला तुमच्या घरात डोकवायची गरजच नाही. सरळ फोनमधून निघालेल्या पाकिटाजवळ ६४ नाणी असायला हवीत. चौसष्टावं नाणं गेलं कुठे? घरातल्याच कुणीतरी घेतलं. याचा अर्थ फोनच्या मागे आणखी कुणीतरी बसलंय. पाकीट न फोडता, आतलं एक अक्षर न वाचता, नुसत्या एका उणे एकवरून!

तुम्ही विचाराल, फोन आणि कंपनीचं दार यांच्यामध्येही टॉवर आहेत, तारा आहेत, यंत्रं आहेत. ते नाके नाणी घेत नाहीत का? इथे आणखी एक चमत्कार आहे. टॉवरपाशी तुमचं पाकीट जसंच्या तसं दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून चिकटवलं जातं. पुढच्या वाटेवरचे नाके बाहेरच्या पाकिटाची नाणी घेतात, आतल्याची मूठ तशीच बंद राहते. कंपनीच्या मुख्य दाराशी, ज्याला गेटवे म्हणतात, तिथे बाहेरचं पाकीट फोडलं जातं. तुम्ही हेंद्रेपाड्यात असा की धावत्या लोकलमध्ये वांगणीच्या पुढे, आतलं पाकीट तिथे जसं निघालं तसंच पोहोचतं. म्हणून तर ६३ हा आकडा इतका बोलका ठरतो.

अर्थात, चोरावर मोर असतातच. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन नाणी ६५ करून ठेवली, की एक नाका पार केल्यावर ६४ उरतात आणि हिशेब जुळतो. मग पाठलाग करणाऱ्यांना दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात. आणि खुणांना तोटा नाही.

पहिली खूण म्हणजे वागणूक. विंडोजचा लॅपटॉप नेटला जोडला, की पहिल्या काही क्षणांत मायक्रोसॉफ्टच्या ठरावीक पत्त्यावर "नेट आहे ना?" असं विचारून येतो. थोड्या वेळानं अपडेट मागायला जातो. आता मला सांगा, फोनला विंडोजचं अपडेट कशाला हवं असेल? मांजराच्या नावानं कुणी कडब्याची पेंढी मागवली, तर घरात म्हैस आहे हे ओळखायला गोठा बघावा लागतो का?

दुसरी खूण मला सगळ्यांत जास्त आवडते. २००२ साली अमेरिकेत एटी अँड टीच्या संशोधन विभागातल्या स्टीव्हन बेलोविन यांनी एक निबंध लिहिला. एका दारामागे किती संगणक लपलेत, हे बाहेरून कसं मोजायचं? त्या काळी बरेच संगणक आपल्या प्रत्येक पाकिटावर ओळीनं क्रमांक टाकत. कल्पना करा, अंधाऱ्या खोलीत तीन पोरं लपाछपीचे अंक म्हणताहेत. बाहेर ऐकू येतं, ५००१, ८२०, ५००२, ३३, ८२१, ३४. खोलीत न जाता तुम्ही सांगाल, आत तिघं आहेत! आता बहुतेक यंत्रं असे सरळ अंक टाकत नाहीत, त्यामुळे ही युक्ती बोथट झालीय. पण तिच्यातली हुशारी अजून ताजी आहे.

तिसरी खूण तुमच्या हातात आहे. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबून बघा. १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिसेल. त्यातले पहिले ८ आकडे यंत्राचं मॉडेल सांगतात. म्हणजे सिम फोनमध्ये आहे की नेटच्या डोंगलमध्ये, हे नेटवर्कला कळतं. कुणी विचारायच्या आधीच यंत्र आपलं कूळ सांगून मोकळं होतं.

आणि चौथी खूण? चौथा तर चक्क घरभेदी आहे. खुद्द फोन! अँड्रॉइडमध्ये अशी सोय आहे, की कंपनीनं सांगितलं असेल तर हॉटस्पॉटची वाहतूक फोन आपणहून वेगळ्या दारानं पाठवतो. फोनचं नेट या दारानं, पाहुण्यांचं त्या दारानं. मग नाणी मोजायची गरजच नाही. तुम्ही हॉटस्पॉट सुरू केलात, ही बातमी तुमच्याच खिशातून बाहेर जाते.

पण फोनवर फार रागावू नका, तो मायेचाही आहे. अँड्रॉइडचा हॉटस्पॉट पाहुण्या यंत्राला पत्ता देताना सोबत एक चिठ्ठी देतो, "हे नेट मोजून मिळतं बरं." ती वाचून पाहुणा अँड्रॉइड फोन मोठमोठी अपडेटं लांबणीवर टाकतो. दुसऱ्याच्या घरी जेवताना हात आखडता घ्यावा, हे यंत्रांनासुद्धा शिकवलंय!

आता पाकीट गेटवेपर्यंत पोहोचलं. इथे मोजणी होते, आणि तीही साधीसुधी नाही. तुमचा सगळा शिल्लक डेटा गेटवेच्या हातात कधीच नसतो. तो एका वेगळ्या यंत्राकडे, समजा खजिनदाराकडे असतो. गेटवे खजिनदाराकडून थोडा डेटा उचलतो, तो संपत आला की पुन्हा हात पसरतो. किराणा सामानाचे पैसे रोजच्या रोज मागून न्यावेत तसं. या दोघांच्या बोलण्याच्या भाषेचं नाव काय असेल? डायामीटर! तिच्याआधीच्या भाषेचं नाव रेडियस होतं, म्हणजे त्रिज्या. नवी त्रिज्येपेक्षा मोठी म्हणून व्यास. इंजिनिअर लोकांचे विनोद असे असतात.

शेजारीच तिसरं यंत्र बसलेलं असतं, ते नियम सांगतं. या ग्राहकाचा पॅक कुठला, वेग किती द्यायचा, मर्यादा ओलांडली तर काय करायचं. खजिनदार म्हणतो, "संपलं." नियमवाला म्हणतो, "मग ६४ केबीपीएस." आणि पुढच्या क्षणापासून आईच्या फोनचं नशीब बदलतं. मधल्या टप्प्यांवर मेसेज येतात ते कंपनीच्या प्रेमापोटी नव्हे, ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, तसा नियम आहे.

पण वेग कमी करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? वीज तर तारेतून तेवढ्याच वेगानं धावते, रेडिओलहर प्रकाशाच्याच वेगानं जाते. या लहरीला "जरा हळू" असं सांगता येत नाही!

युक्ती अशी. गेटवेपाशी तुमच्या नावाचं एक मडकं ठेवलंय असं समजा. त्यात ठरावीक गतीनं टोकन पडत असतात, ६४ केबीपीएससाठी सेकंदाला ८,००० बाइटांपुरती. पाकीट आलं, की मडक्यातून आपल्या वजनाएवढी टोकन उचलायची आणि पुढे जायचं. मडकं रिकामं असेल तर थांबायचं, नाहीतर कचऱ्यात जायचं. हिशेब करा, १,५०० बाइटांचं पाकीट, सेकंदाला ८,००० बाइट. म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच पाकिटं! मघाशी समजा दहा एमबीपीएसचा वेग होता, तेव्हा आठशेहून जास्त जात होती. प्रत्येक पाकीट आजही तितकंच वेगानं धावतंय, फक्त त्याला दारातून सोडत नाहीत. तीन एमबीचा एक फोटो यायला आता सव्वासहा मिनिटं.

आणि यातला सगळ्यांत थक्क करणारा भाग पुढेच आहे. कंपनीच्या दारात पाकिटं फेकून दिली जाताहेत, हे दूरच्या सर्व्हरला कुणी कळवतं का? कुणीही नाही. तरी तो आपोआप वेग कमी करतो! त्यामागे एक गोष्ट आहे. १९८६च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात दोन संस्था, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ, इंटरनेटवरून बोलत होत्या. दोघींमधलं अंतर चारशे यार्ड, हाकेच्या टप्प्यातलं. एकाएकी त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. कारण पाकीट हरवलं, की प्रत्येक संगणक घाबरून पुन्हा पाठवत होता, पुन्हा, पुन्हा, आणि गर्दी आणखी वाढत होती. दादर स्टेशनच्या पुलावर सगळ्यांनी एकदम रेटा दिला तर काय होईल, तेच.

संगणकशास्त्रज्ञ व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली त्यावर उपाय मांडला. पाकीट हरवलं म्हणजे पुढे गर्दी आहे असं समजा आणि आपणहून मागे सरा. मग हळूहळू पुन्हा पुढे या. इंटरनेट आजवर कोसळलं नाही, त्याचं मोठं श्रेय या सौजन्याला आहे. आणि मोबाइल कंपनीचं मडकं याच सौजन्याचा फायदा घेतं. चार पाकिटं टाकून दिली, की हजारो मैलांवरचा सर्व्हर "गर्दी दिसतेय" म्हणून निमूट सावकाश चालायला लागतो. त्याला काय माहीत, गर्दी नाही, हेंद्रेपाड्यातल्या आईचा पॅक संपलाय!

त्या ६४ केबीपीएसबद्दलही दोन शब्द. आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहायचं, की होतात ६४,०००. डिजिटल टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एका माणसाच्या पूर्ण संभाषणाला एवढीच जागा लागायची. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलनं भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा सुरुवातीचे ग्राहक ९.६ केबीपीएसवर खूश होते. आज ज्याला आपण शिक्षा म्हणतो, तो त्यांच्या साडेसहा पट वेग! आणि दुसऱ्या बाजूनं पाहिलं, तर जानेवारी २०२३पासून सरकारी व्याख्येप्रमाणे २ एमबीपीएसच्या खाली असलेल्या जोडणीला ब्रॉडबँडच म्हणत नाहीत. त्या फूटपट्टीनं आईचा फोन आता एकतिसाव्या हिश्श्यावर आलाय.

पण एवढा सगळा खटाटोप कशासाठी? कंपन्यांचा लोभ हे एक उत्तर आहे, आणि ते पूर्ण खोटं नाही. अमेरिकेत हॉटस्पॉटसाठी वेगळे पैसे घेण्याची रीत होती. लोक ते पैसे चुकवण्यासाठी ॲप वापरत, ती ॲप रोखल्याबद्दल २०१२ साली व्हेरायझन या मोबाइल कंपनीला तिथल्या नियामकाकडे साडेबारा लाख डॉलर भरावे लागले. 'अनलिमिटेड' विकून वेग कापल्याच्या तक्रारीवर एटी अँड टीनं २०१९ साली सहा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आपल्याकडे ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं. त्याआधी एक जीबी महिनाभर पुरवून पुरवून वापरायचा, त्यानंतर रोजचा जीबी अंगवळणी पडला, आणि बहुतेक पॅकमध्ये हॉटस्पॉटही त्याच डेटातून. आपल्याकडे नाणी मोजायला फारसं कारणच उरलं नाही. शिवाय २०१८च्या नेट न्यूट्रॅलिटीच्या धोरणानुसार अमुक ॲप जोरात आणि तमुक मंद, असा भेदभाव करायला मनाई आहे. आजकाल 'अनलिमिटेड'च्या बारीक अक्षरांत मात्र एक ओळ भेटते, की वापर घरगुती असावा, धंद्याचा नसावा.

लोभ बाजूला ठेवला तरी एक खरी अडचण उरते. हवा, म्हणजे रेडिओलहरींची जागा, वाटून घ्यावी लागते.

बदलापूर लोकलनं जाणाऱ्याला हे समजावायला नको. तीन जणांचा बाक, त्यावर चौथी सीट. चौथा अर्धा बाहेर लटकतो, पण बसतो. हॉटस्पॉट म्हणजे एका पासवर बसवलेली चौथी सीट. आणि टॉवरपाशी या सीटा कोण वाटतं? एक यंत्र, सेकंदाला एक हजार वेळा! फोरजीचा २० मेगाहर्ट्झचा पट्टा असेल तर त्याचे १०० तुकडे होतात आणि दर मिलिसेकंदाला ते नव्यानं वाटले जातात. तुम्ही डोळ्याची पापणी मिटून उघडता तेवढ्यात शेकडो वेळा बाकावरची माणसं बदललेली असतात.

वाटप समान असतं असंही नाही. टॉवरजवळच्या फोनशी बोलताना एका लहरीच्या झोक्यात ८ बिटं बसवता येतात. भिंतीआड, रेंजच्या टोकाला असलेल्याला नीट ऐकू जावं म्हणून २ बिटांवर यावं लागतं. म्हणजे तोच एक जीबी, पण तळमजल्यावरच्या कोपऱ्यात बसून वापरला तर गच्चीवर वापरण्यापेक्षा कितीतरी जास्त हवा खाऊ शकतो. मीटर दोघांचाही एकच जीबी दाखवतो.

मला वाटतं, या सगळ्या चतुर यंत्रणेतला सगळ्यांत मजेदार दोष हाच आहे. टंचाई आहे ती संध्याकाळच्या हवेची, आणि मोजली जातात पाकिटं, कारण पाकिटं मोजता येतात. पहाटे तीनला कुणी दोन जीबी ओढला, तर रिकाम्या डब्यात पाय पसरून बसल्यासारखं. रात्री नऊला, कल्याणहून सुटलेल्या लोकलमधून शेकडो फोन उतरत असताना ओढलेला पाव जीबी मात्र शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर घालतो. रोजच्या कोट्याला यातला फरक कळत नाही.

हेंद्रेपाड्यात आता पावणेबारा झालेत. पाऊस थोडा उघडलाय, लाइट अजून नाही. थोरलीचा प्रोजेक्ट सेकंदाला पाच पाकिटांच्या गतीनं वर चढतोय. धाकटा घड्याळाकडे टक लावून बसलाय, कारण त्याला डायामीटर माहीत नसला तरी बारा वाजता काय होतं ते पक्कं माहीत आहे.

बारा वाजतात. खजिनदार नव्या दिवसाची वही उघडतो, नियमवाला जुना हुकूम मागे घेतो, मडक्याचं तोंड मोठं होतं. दूर कुठेतरी एका सर्व्हरला वाटतं, गर्दी ओसरली बहुतेक, आणि तो पावलं उचलायला लागतो. प्रोजेक्ट सर्रकन वर जातो.

थोरली लॅपटॉप मिटते. मिटता मिटता त्यातून शेवटचं एक पाकीट निघतं. मुठीत १२८ नाणी घेऊन ते आईच्या उशाशी ठेवलेल्या फोनपाशी येतं. फोन त्यातलं एक नाणं काढून घेतो आणि त्याला रात्रीच्या अंधारात पुढे सोडतो.